सभासदत्वाचा प्रश्न आणि रोटरी चळवळीची वाटचाल

स्वयंसेवी संस्थेचा इतिहास लिहिताना स्थापना, विस्तार आणि मोठे प्रकल्प यांवर भर देण्याची आपल्याकडे रीत आहे; सभासद का आले, का गेले आणि जे मागे राहिले त्यांनी संस्था कशी सावरली, हा भाग वार्षिक अहवालातील एखाद्या ओळीत आटोपतो. रोटरीच्या बाबतीत ही रीत विशेष अपुरी पडते, कारण या चळवळीला शंभराहून अधिक वर्षांत जेव्हा जेव्हा ओहोटी लागली, तेव्हा तिचे एक मूळ बहुतेक वेळा संस्थेच्या स्वतःच्या नियमांत सापडते. सभासद कोणाला करून घ्यावे, त्याने किती वेळा हजर राहावे आणि हजर राहून नेमके काय करावे, या तीन प्रश्नांची जुनी उत्तरे जिथे बदलली तिथे चळवळ सावरली. जिथे ती तशीच धरून ठेवली तिथे सभासद वाढविण्याच्या मोहिमांचा उपयोग तात्पुरताच झाला.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरातील युनिटी बिल्डिंग या इमारतीत ७११ क्रमांकाच्या खोलीत पॉल हॅरिस हे वकील, गुस्ताव्हस लोर हे खाणअभियंता, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी आणि हायरम शोरी हे शिंपी अशी चार माणसे एकत्र आली. हॅरिस यांचे बालपण व्हर्माँट राज्यातील एका छोट्या गावात गेले होते आणि गावातला ओळखीदेखीचा ओलावा अफाट वाढलेल्या शिकागोत त्यांना कुठे मिळत नव्हता. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी नियमाने भेटावे, ही कल्पना त्यातून आली. बैठका पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत, म्हणून ‘फिरती’ या अर्थाने रोटरी हे नाव पडले. एका व्यवसायातून एकच सभासद, हा नियमही याच काळातला आहे. त्याला पुढे ‘व्यवसाय-वर्गीकरण’ म्हणू लागले आणि त्याचा हेतू साधा होता: एकाच धंद्यातील दोन प्रतिस्पर्धी एका टेबलाशी नसले, म्हणजे मैत्रीत आडकाठी येत नाही आणि सभासद एकमेकांना निःसंकोचपणे काम देऊ शकतात.

सभासदत्वाचा पहिला प्रश्न मात्र क्लब वर्षभराचा होतो न होतो तोच उभा राहिला. क्लबच्या आरंभीच्या उद्दिष्टांत सभासदांच्या धंद्याची वाढ आणि आपसातील स्नेह एवढ्याच गोष्टी होत्या. १९०६ साली डोनाल्ड कार्टर या पेटंट-वकिलांना सभासद होण्याचे निमंत्रण देण्यात आले, तेव्हा ज्या संस्थेला शहराशी काही देणेघेणे नाही ती फार काळ टिकणार नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. हॅरिस यांनी हा नकार मनावर घेतला, शहराच्या हिताचे कलम उद्दिष्टांत घालण्यात आले आणि कार्टर सभासद झाले. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत यासाठी क्लबने पुढाकार घेतला; रोटरीचे पहिले सेवाकार्य म्हणून त्याचीच नोंद होते. आज सेवा हा रोटरीचा प्राण मानला जातो आणि ‘स्वार्थापेक्षा सेवा श्रेष्ठ’ हे ब्रीद प्रत्येक क्लबच्या फलकावर असते. ती सेवा संस्थेत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे आत यायला नकार देणारा एक माणूस होता, ही गोष्ट या चळवळीच्या प्रत्येक अध्यक्षाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नाही म्हणणाऱ्याचे कारण विचारण्याची ही पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी लोप पावली.

त्यानंतरची वाढ वेगाने झाली. १९१० मध्ये सोळा क्लब मिळून अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, लवकरच कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये क्लब निघाले आणि १९२२ पासून ‘रोटरी इंटरनॅशनल’ हे नाव रूढ झाले. भारतातील पहिला क्लब कलकत्त्याचा. त्याला १९२० च्या आरंभी सनद, म्हणजे मान्यतापत्र, मिळाले. मुंबईचा क्लब १९२९ सालचा. सुरुवातीच्या या क्लबांमध्ये युरोपीय व्यापारी आणि अधिकाऱ्यांचे प्राबल्य होते. हे चित्र बदलत गेले आणि १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहरी यांच्या रूपाने रोटरी इंटरनॅशनलला पहिले भारतीय अध्यक्ष लाभले. त्यांच्यानंतर चंदीगडचे राजेंद्र साबू, वापीचे कल्याण बॅनर्जी आणि कोलकात्याचे शेखर मेहता यांनी हे पद भूषविले.

वाढीच्या या आलेखात १९३३ नंतरचा जर्मनीतील काळ स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे, जरी गौरवपर लेखनात तो सहसा गाळला जातो. नाझी राजवट सत्तेवर येताच तेथील अनेक क्लबांनी, राजवटीची मर्जी सांभाळली तर आपली संस्था वाचेल या आशेने, ज्यू सभासदांना आणि राजवटीच्या टीकाकारांना बाहेरची वाट दाखविली. म्युनिक क्लबने वगळलेल्यांत नोबेल पारितोषिकाचे मानकरी, कादंबरीकार थोमास मान होते. एवढे करूनही संस्था वाचली नाही: १९३७ मध्ये जर्मनीतील सगळे क्लब विसर्जित झाले आणि महायुद्ध संपल्यावर १९४९ मध्ये ते नव्याने उभे करावे लागले. सभासद गमावण्याचे अनेक प्रकार आहेत, पण आपल्याच हाताने सोबत्याला बाहेर काढून गमावणे हा त्यांतला सर्वांत वाईट प्रकार होय आणि जुन्या क्लबांच्या कागदपत्रांवर तो डाग राहिलेला आहे.

चळवळीच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण स्त्रियांच्या सभासदत्वाचे. क्लबच्या आदर्श घटनेत सभासद पुरुषच असावा असे स्पष्ट लिहिलेले होते. स्त्रिया चळवळीत होत्या, पण कडेला: रोटेरियनांच्या पत्नींची ‘इनर व्हील’ ही संघटना १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली आणि भारतातील क्लबांमध्ये सभासदाच्या पत्नीला ‘ॲन’ व मुलांना ‘ॲनेट’ म्हणण्याचा प्रघात पडला, जो अजूनही बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. शिबिराचा स्वयंपाक, नोंदणीचे टेबल, वाटपाच्या वस्तूंची बांधाबांध ही कामे या ‘ॲन’ वर्षानुवर्षे करीत आल्या. ठरावावर हात वर करण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. या नियमाला पहिला विरोध भारतातून झाला, ही अभिमानाने सांगावी अशी बाब आहे. १९५० साली भारतातील एका क्लबने घटनेतून ‘पुरुष’ हा शब्द काढून टाकावा असा ठराव विधी परिषदेपुढे, म्हणजे रोटरीच्या घटनेत बदल करण्याचा अधिकार असलेल्या सभेपुढे, आणला. तो संमत झाला नाही. १९६४ मध्ये तसाच ठराव तेव्हाच्या सिलोनमधून आला, त्याचीही तीच गत झाली आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेतील क्लबांनी तोच विषय वारंवार मांडला.

अखेर कॅलिफोर्नियातील दुआर्ते या लहान गावच्या क्लबने ठरावाची वाट पाहणे सोडून दिले. तिथे नवे सभासद मिळेनासे झाले होते आणि क्लब चालविणे अवघड होत चालले होते; तेव्हा १९७७ मध्ये त्या क्लबने तीन स्त्रियांना रीतसर सभासद करून घेतले. पुढच्या वर्षी मुख्यालयाने क्लबची सनद रद्द केली. क्लबने बैठका थांबवल्या नाहीत. स्वतःला ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवून घेत तो भेटत राहिला आणि न्यायालयात गेला. १९८३ मध्ये निकाल विरुद्ध गेला, १९८६ मध्ये अपिलात तो फिरला आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने निर्णय दिला. रोटरी क्लबचे स्वरूप कुटुंबासारख्या खासगी जिव्हाळ्याच्या मंडळाचे नाही, त्यामुळे लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा राज्याचा कायदा त्याला लागू करता येतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक या मुख्याध्यापिका दुआर्ते क्लबच्या अध्यक्ष झाल्या. रोटरीच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री क्लब-अध्यक्ष. १९८९ च्या विधी परिषदेने जगभरच्या क्लबांसाठी पुरुषत्वाची अट काढून टाकली आणि जून १९९० पर्यंत वीस हजारांवर स्त्रिया सभासद झालेल्या होत्या. आज जगातील रोटेरियनांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे आणि २०२२-२३ मध्ये कॅनडाच्या जेनिफर जोन्स रोटरी इंटरनॅशनलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. भारतातील क्लबने १९५० मध्ये मागितलेला बदल पदरात पडायला ३९ वर्षे लागली. तेवढ्या काळात किती डॉक्टर, शिक्षिका, वकील आणि उद्योजक स्त्रिया दारातून परत गेल्या असतील, याची मोजदाद कोणत्याही अहवालात नाही.

स्त्रियांच्या आगमनाने मिळालेली भरती मोठी असूनही १९९० च्या दशकाच्या मध्यापासून एकूण सभासदसंख्या बारा लाखांच्या आसपास घोटाळत राहिली. एकाच ठिकाणी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या या आकड्याच्या आत दोन उलटे प्रवाह आहेत. जन्मभूमी असलेल्या अमेरिकेत एकेकाळी चार लाखांच्या घरात असलेली संख्या पुढे तीन लाखांच्या खाली आली, तर भारतात ती वाढत जाऊन दीड लाखाच्या पलीकडे गेली. अमेरिकेतील घसरण रोटरीपुरती नव्हती. रॉबर्ट पुटनम या अभ्यासकाने २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात तेथील क्लब, चर्चमंडळे, पालक-शिक्षक संघ अशा सगळ्याच संघटनांची गळती दाखवून ‘सामाजिक भांडवल’, म्हणजे माणसांच्या परस्परसंबंधांतून व विश्वासातून निर्माण होणारी समाजाची शक्ती, आटत चालल्याचे प्रतिपादन केले. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, कामाची जागा घरापासून लांब असते, संध्याकाळ दूरचित्रवाणीपुढे जाते, ही त्याने मांडलेली कारणे आता पुणे, ठाणे किंवा नाशिकच्या वाचकालाही परकी वाटणार नाहीत.

पण बाहेरच्या कारणांवर सगळा भार टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. रोटरीचा हजेरीचा नियम फार कडक होता. बैठक दर आठवड्याला. लागोपाठ चार बैठका चुकल्या तर सभासदत्व जाण्याची पाळी. चुकलेल्या बैठकीची भरपाई दुसऱ्या एखाद्या क्लबच्या बैठकीस जाऊन करायची, ज्याला रोटेरियन ‘मेक-अप’ म्हणतात. स्वतःची कचेरी असलेल्या मालकाला हे जमत असे. पाळीची नोकरी करणाऱ्या अभियंत्याला किंवा लहान मूल असलेल्या डॉक्टर स्त्रीला ते जमणे कठीण होते. एका व्यवसायातून एकच सभासद या नियमाचे तसेच झाले: गावात किराणा, औषधे, कापड आणि वकिली एवढेच व्यवसाय असताना बसणारी ही चौकट, अर्ध्या शहराचा चरितार्थ संगणक-उद्योगावर चालू लागल्यावर अपुरी पडली.

यात आपल्याकडच्या काही सवयींची भर पडते, त्यांचा उल्लेख स्मरणिकेतही टाळू नये. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. त्यामुळे नेतृत्वाची संधी अनेकांना मिळते हे खरे, परंतु प्रत्येक नवा अध्यक्ष पदग्रहण समारंभात स्वतःचे नवे प्रकल्प जाहीर करतो आणि आधीच्याचे काम अर्ध्यावर राहते. प्रांतपालांकडून, म्हणजे रोटरीच्या प्रशासकीय विभागाच्या प्रमुखांकडून, सभासदवाढीचे उद्दिष्ट येते आणि वर्षाच्या उत्तरार्धात ओळखीतली नावे भराभर नोंदवली जातात. मुख्यालयाची वर्गणी १ जुलै आणि १ जानेवारीच्या सभासदसंख्येवर आकारली जात असल्याने जूनअखेर यादी पुन्हा छाटली जाते. अशा भरतीतून आलेल्या माणसाला क्लब म्हणजे भाषण, हार-तुरे, छायाचित्र आणि ‘फेलोशिप’, म्हणजे बैठकीनंतरचे जेवण, एवढाच दिसतो. तो वर्षभरात निघून गेला तर त्यात त्याचा दोष नाही. जोडलेला सभासद राखणे हे नवा सभासद जोडण्यापेक्षा अवघड काम आहे आणि ज्या अध्यक्षाने नव्या सभासदाच्या हाती पहिल्या महिन्यातच काहीतरी खरे काम दिले, त्याच्या क्लबची पुढची पाच वर्षे बरी गेली, असा अनुभव या चळवळीत जुनी माणसे सांगतात.

खऱ्या कामाचे रोटरीला लाभलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पोलिओ निर्मूलन. १९७९ मध्ये फिलिपीन्समधील सुमारे साठ लाख मुलांच्या लसीकरणास रोटरीने साहाय्य केले. त्यातून बळ घेऊन १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ हा कार्यक्रम जाहीर झाला. बारा कोटी डॉलर जमवण्याचे ठरले असता १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक निधी जमला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाचा संकल्प केला, तेव्हा १२५ देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले पोलिओने अपंग होत होती. भारतात देशव्यापी पल्स पोलिओ मोहिमेच्या पहिल्या फेऱ्या डिसेंबर १९९५ आणि जानेवारी १९९६ मध्ये झाल्या आणि तेव्हापासून ‘पोलिओचा रविवार’ हा शब्दप्रयोग घरोघरी रुळला.

त्या रविवारी बूथवर जे घडत असे ते जवळून पाहण्यासारखे होते. शाळेच्या व्हरांड्यात किंवा एस.टी. स्थानकात एक टेबल, त्यावर बर्फाच्या चार पिशव्या घातलेली निळी लसपेटी आणि तिच्यात लसीच्या बारीक कुप्या. प्रत्येक कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. लस उष्णतेने खराब होत गेली की तो चौकोन गडद होत जाई आणि वर्तुळाच्या रंगाशी जुळला की ती कुपी बाद. अंगणवाडी सेविका किंवा परिचारिका बाळाच्या तोंडात दोन थेंब सोडी, डाव्या करंगळीवर शाईची खूण करी आणि पुढच्या बाळाकडे वळे. नंतरचे काही दिवस पथके दारोदार फिरत; सगळी मुले लस घेतलेल्या घराच्या दारावर खडूने ‘पी’ आणि राहिलेल्या घरावर ‘एक्स’ लिहीत आणि ‘एक्स’ असलेल्या घरी पुन्हा पुन्हा जात. लस देणारे हात बहुतांशी सरकारी आरोग्यसेवेतले होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. रोटेरियनांनी निधी, वाहने, फलक, बूथवरचा चहा-नाश्ता आणि सर्वांत मोलाचे म्हणजे नकार देणाऱ्या घरांत बसून समजूत घालण्याचे काम केले. उत्तर प्रदेशात त्यासाठी मुस्लिम उलेमांची समिती रोटरीने उभी केली आणि अविश्वासाने बंद झालेली दारे त्यांच्या शब्दाने उघडली. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातील निम्म्याच्या आसपास. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

सभासदत्वाच्या दृष्टीने या मोहिमेचे महत्त्व असे की तिने क्लबांना वर्षाच्या पलीकडचे ध्येय दिले. अध्यक्ष बदलले, प्रांतपाल बदलले, तरी काम तेच राहिले. ज्याला भाषण करता येत नव्हते, ज्याच्याकडे मोठी देणगी देण्याइतका पैसा नव्हता, अशा सभासदालाही बूथवर उभे राहता येत होते आणि आपण का आलो आहोत, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. भारतात सभासदसंख्या वाढत राहिली त्याला वाढता मध्यमवर्ग हे कारण आहेच, पण डोळ्यांनी दिसणारे हे काम हेही एक कारण मानले पाहिजे.

नियमांतील बदल याच काळात टप्प्याटप्प्याने झाले. २००१ च्या विधी परिषदेने व्यवसाय-वर्गीकरण सैल करून एका व्यवसायातून अनेक सभासद घेण्यास वाट दिली. २०१० मध्ये संगणकाच्या माध्यमातून भेटणाऱ्या ई-क्लबांना कायम स्थान मिळाले. २०१३ मध्ये मोठ्या क्लबच्या आश्रयाने छोटा गट वेगळ्या वेळी भेटू शकेल अशा उपग्रह-क्लबांची सोय झाली. २०१६ चा निर्णय सर्वांत दूरगामी: बैठका किती, केव्हा आणि कशा घ्याव्यात, हजेरीचा नियम किती ताणावा, हे ठरविण्याची मोठी मोकळीक क्लबांना देण्यात आली. जुन्या सभासदांना यात शिस्त ढिली झाल्याचे दुःख झाले आणि ते समजण्यासारखे आहे, कारण वर्षानुवर्षे एकही बैठक न चुकविणे हा त्यांच्या आयुष्यातला अभिमानाचा भाग होता. तरीही निर्णय योग्यच होता. १९६८ पासून युवकांसाठी चालणाऱ्या ‘रोटरॅक्ट’ क्लबांना २०१९ मध्ये रोटरी इंटरनॅशनलच्या सभासदत्वात स्थान मिळाले, त्यामुळे तिशीच्या आतबाहेरची मुले-मुली चळवळीच्या अंगणातून घरात आली. पुढच्याच वर्षी करोनाची टाळेबंदी आली तेव्हा पडद्यावर बैठका घेणे क्लबांना घटनेच्या दृष्टीने नवे राहिलेले नव्हते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील क्लबांना आता हे मोकळे झालेले नियम प्रत्यक्षात वापरायचे आहेत. तालुक्याच्या गावी अजूनही क्लबची बैठक रात्री साडेआठला हॉटेलात भरते, कारण ती नेहमीच तशी भरत आली. सकाळी तासभर शाळेत भेटून काम करणारा क्लब घटनेला आज चालतो, पण असे क्लब थोडे आहेत. स्त्री सभासदांना अजूनही बऱ्याच ठिकाणी ‘सोहळा समिती’ मिळते आणि हिशेब व प्रकल्प पुरुषांकडे राहतात. शताब्दीकडे निघालेल्या जुन्या क्लबांनी आणि नव्याने सनद मिळालेल्या क्लबांनी निदान एक गोष्ट या वर्षापासून करावी: सचिवांच्या नोंदवहीत नव्या सभासदाच्या प्रवेशाची तारीख जशी लिहिली जाते, तशी सोडून गेलेल्या प्रत्येक सभासदाच्या नावापुढे, त्याला भेटून, त्याच्याच शब्दांत सोडण्याचे कारण लिहून ठेवावे आणि ते पान दर जुलैत नव्या अध्यक्षांच्या हाती द्यावे.